अंबडची घोंघ्याची खानावळ: चव एक नंबर, पण माल कुठल्या पाण्यातला ते आधी विचारा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत चुंचाळेच्या बाजूला एक छोटी खानावळ आहे, पत्र्याचं शेड, सहा टेबलं, बाहेर एक लाकडी बाकडं, नवराबायको दोघं मिळून चालवतात, बिहारमधल्या दरभंग्याकडचे आहेत, मी त्यांना भैया-भाभी म्हणतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. पावसाळा लागल्यापासून चार वेळा जाऊन आलो, दोनदा बसून जेवलो, एकदा पार्सल आणलं आणि चौथ्यांदा नुसता बोलायला गेलो. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे, ज्यांना फक्त चवीचं पाहिजे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद वाचून थांबलं तरी चालेल, पण घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान पोरं असतील तर प्लीज पूर्ण वाचा.

आधी ज्यांना ऐकूनच कसंतरी होतंय त्यांच्यासाठी. घोंघा म्हणजे आपली पाण्यातली गोगलगाय, तळ्यात, शेततळ्यात, नाल्याच्या कडेला चिखलात असते ती, हिरवट-तपकिरी शंखाची, सुपारीपेक्षा थोडी मोठी. मिथिलेत, म्हणजे त्यांच्या दरभंग्याकडे, तिला डोका म्हणतात, बंगालमध्ये गुगली, आणि तिकडे हे आवडीनं खातात, काही लपूनछपून खायचा प्रकार नाहीये. आपल्याकडे तिसऱ्या खाताना कोणी नाक मुरडत नाही, खेकड्याच्या नांग्या फोडून चोखतो आपण, मग ह्यात वेगळं काय आहे. माझं आजोळ पेठ तालुक्यातलं, पहिल्या पावसाच्या रात्री मामा बॅटरी घेऊन ओहोळाला खेकडे धरायला जायचा आणि आजी पाट्यावर वाटून त्याचा रस्सा करायची, गोगलगाय मात्र आम्ही कधी खाल्लेली नव्हती. कंपनीत माझ्याच शिफ्टला दरभंग्याचा एक जण आहे, तो म्हणाला एकदा चल तर खरं, गेलो.

आणि खरं सांगतो, पहिल्या घासाला गप्प झालो. मोहरी आणि लसूण एकत्र वाटून केलेला रस्सा, वरून मोहरीच्या तेलाचा तो नाकात जाणारा वास, थोडी आमचुराची आंबट चव, सोबत गरम भात आणि बटाट्याचं चोखा. आपल्या काळ्या मसाल्याची सवय असलेल्या जिभेला हे पूर्ण वेगळं लागतं, तिखट आहे पण घशाला नाही तर नाकाला. मांस थोडं चिवट असतं, गिझर्डच्या आणि कोळंबीच्या मधलं काहीतरी, जास्त शिजलं की रबर होतं, पण भाभींना बरोबर अंदाज आहे, दोन्ही वेळा मऊच होतं. दुसऱ्या वेळी दाताखाली बारीक कचकच लागली, मला वाटलं वाळू राहिली, तर भाभी म्हणाल्या वाळू नाही हो, पिल्लं आहेत. ही जात अंडी बाहेर घालत नाही, पिल्लं पोटातच वाढतात आणि छोटासा शंख घेऊनच बाहेर येतात, त्यामुळे मादी आली की तिच्या पोटातले ते बारीक शंख कचकचतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधी सांगायचं, त्या काढून देतात.

दोन प्रकार मिळतात, हे नीट लक्षात ठेवा कारण पुढे ह्याचाच विषय आहे. एक म्हणजे उकडून, सुईनं मांस बाहेर काढून, मागचा काळा-हिरवट गुंडाळलेला भाग तोडून टाकून केलेला रस्सा. दुसरा म्हणजे शंखासकट, शंखाचं मागचं टोक छाटायचं आणि रश्श्यात तसाच शिजवायचा, मग ताटात घेऊन तोंडाला लावून सुर्रकन ओढायचा. नेहमीचे येणारे सगळे दुसराच मागतात, त्यात रस जास्त उतरतो आणि खायला मजा येते हे मान्य. प्लेट ऐंशी रुपये, भात-चोखा धरून, पोट भरतं. स्वच्छता चांगली, भाभी हातात ग्लोव्हज घालतात, पाणी झाकलेलं, भिंतीला फूड लायसन्सचा कागद लावलेला. दोघंही बोलायला गोड, पहिल्याच दिवशी मला भैया म्हणून दुसरी वाटी रस्सा वाढला, पैसे घेतले नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझ्या ताईला सध्या पाचवा महिना चालू आहे, एचबी साडेआठ आलं, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि गोळ्यांनी तिला मळमळतं म्हणून ती टाळाटाळ करते. हे मी पार्सल घेताना सहज बोललो तर भाभी म्हणाल्या रोज वाटीभर डोका द्या तिला, रक्त वाढतं, डोळ्यांना चांगलं, आमच्याकडे बाळंतिणीला देतात. मनापासून म्हणाल्या, विकायला नाही, कारण त्या दिवशीचं पार्सल त्यांनी अर्ध्या पैशात दिलं. आपल्याकडेही तेच चालतं ना, अशक्तपणा आला की खेकड्याचं सूप पाज. मी पार्सल डिकीत टाकलं आणि निघालो.

चुंचाळेकडून येताना मध्ये एक नाला लागतो, त्याच्या पुलावर ट्रॅफिकमुळे थांबलो होतो आणि खाली बघितलं तर एक माणूस गुडघाभर चिखलात उभा, खताची जाळीदार गोणी खांद्याला, आणि हातानं चाचपून चाचपून गोगलगायी वेचतोय. तो माणूस ह्याच खानावळीला माल देतो असं माझं अजिबात म्हणणं नाही, मला माहीत नाही, कदाचित घरी खायला नेत असेल, कदाचित कोंबड्यांना. पण मी त्या पुलावर उभा होतो आणि डिकीत ताईसाठी डबा होता आणि मला घाम फुटला.

का फुटला ते सांगतो. मी बारा वर्षं ईटीपीवर काम करतोय, ईटीपी म्हणजे कंपनीचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. आमच्याकडे प्लेटिंगच्या लाईनचं पाणी येतं, त्यात निकेल, जस्त, क्रोम असतं. आम्ही काय करतो, चुना टाकून पीएच वर नेतो, की पाण्यात विरघळलेला धातू घट्ट होऊन खाली बसतो, वरचं पाणी स्वच्छ दिसतं आणि खालचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून, पोत्यात भरून, मॅनिफेस्टचे कागद करून रांजणगावला, घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवतो. बारा वर्षांत मी एक गोष्ट पक्की शिकलोय की धातू कुठे जात नाही. जळत नाही, कुजत नाही, सडत नाही, फक्त जागा बदलतो, पाण्यातून गाळात जातो. आणि ही गोगलगाय काय खाते, तर गाळ. चिखलावरचं शेवाळ, कुजलेला पाला, तळाचा साका हेच तिचं जेवण, दिवसरात्र ती तळ चरत असते. म्हणजे आम्ही जी गोष्ट सील करून पाठवतो ती जर कुठून तरी नाल्यात गेली असेल तर तिचं पहिलं गिऱ्हाईक ही गोगलगाय.

आणि गंमत नाही, काळजीची गोष्ट अशी की त्यानं ती मरत नाही. गोगलगायीच्या शरीरात एक प्रथिन असतं, मेटॅलोथायोनिन, ते कॅडमियम नावाच्या विषारी धातूला पकडून बांधून ठेवतं म्हणजे तिला त्याचा त्रास होत नाही, आणि हे सगळं साठतं तिच्या पचनग्रंथीत, म्हणजे तोच शंखाच्या वरच्या वेढ्यांतला काळा-हिरवट भाग. युरोपात ज्या मोठ्या जमिनीवरच्या गोगलगायी खातात त्यांच्यावर ह्याचा खूप अभ्यास झालाय, कॅडमियम एकदा आत गेलं की बाहेर पडायचं फार कमी. त्यामुळेच जगभर गोगलगायीला प्रदूषणाचं मीटर म्हणून वापरतात, पाणी तपासलं तर त्या दिवसाचंच पाणी कळतं, गोगलगाय तपासली की कित्येक महिन्यांचा हिशोब निघतो.

तर मी यू-टर्न मारला आणि परत गेलो. भैयांना विचारलं माल कुठून येतो. ते म्हणाले एक पोरगा आणून देतो आठवड्यातून दोनदा. तो कुठून आणतो. म्हणाले तलावातून. कुठल्या तलावातून. तर म्हणाले ते नाही विचारलं कधी, पण माल एकदम जिवंत असतो, मेलेला एकही घेत नाही, दोन रात्री स्वच्छ पाण्यात ठेवतो, पाणी चार वेळा बदलतो, मग मीठ-हळदीत धुतो आणि तीन वेळा उकळतो, जंतू राहूच शकत नाही.

त्यांनी सांगितलेलं एकन्एक खरं आहे आणि जंतूंसाठी बरोबर पण आहे. कच्ची किंवा अर्धी शिजलेली गोगलगाय खाणं धोक्याचं असतं, त्यात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जातात, पूर्ण शिजवलं की मरतात. दोन रात्री पाण्यात ठेवलं की पोटातला चिखल निघून जातो, हेही खरं, त्यानं मातीसोबत आलेलं थोडंफार कमी होतं. पण ग्रंथीत बांधून बसलेलं कॅडमियम दोन रात्रीत निघत नाही, आणि उकळून शिसं मरत नाही कारण ते जिवंतच नव्हतं. कुकरच्या दहा शिट्ट्या केल्या तरी धातू तेवढाच राहतो, थोडा रश्श्यात उतरतो आणि रस्सा आपण पितोच. आणि मालाचा जिवंतपणा म्हणजे स्वच्छपणा नाही, वर लिहिलं तसं ती गोगलगाय धातू घेऊन मजेत जगते.

मला हे त्यांना समजवायला पाऊण तास लागला आणि ते चिडले नाहीत हे मला इथे मुद्दाम लिहायचंय. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता खायचं तर खा नाहीतर जा.

घरी येऊन मी डबा उघडला नाही, तसाच फेकला, ताईला नंतर सांगितलं. ती म्हणाली अरे एका वेळेनं काय झालं असतं. बरोबर आहे तिचं, एका वेळेनं काही होत नाही बहुतेक. पण भाभींनी सांगितलं होतं रोज वाटीभर, आणि ताईसारख्याच बायकांना हे सांगितलं जातं, हाच माझ्या पोटातला गोळा आहे. कारण शरीरात लोह कमी असलं की आतडं लोह ओढायचे दरवाजे जास्त उघडतं, आणि त्याच दरवाज्यातून कॅडमियम पण आत येतं. म्हणजे ज्या बाईचं एचबी कमी तिच्या अंगात तेच जेवण खाऊन इतरांपेक्षा जास्त कॅडमियम जातं. शिशाचं तर अजून वाईट, शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं, तिथे ते वर्षानुवर्षं बसतं, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडातलं कॅल्शियम निघायला लागलं की सोबत शिसंही रक्तात येतं, वारेतून बाळापर्यंत जातं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं इतकं चालेल असं कुठलंच प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. 2010 मध्ये त्यांच्या तज्ज्ञ समितीनं आधी ठरवलेलं शिशाचं आठवड्याचं प्रमाण मागेच घेऊन टाकलं, कारण सुरक्षित म्हणावं असं काही उरलंच नाही.

कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि अर्धं बाहेर पडायला 10 ते 30 वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीत खाणीचं कॅडमियम जात होतं, ते भातशेतीत आलं, आणि तिथल्या बायकांची, त्यातही जास्त करून पोरं झालेल्या वयस्कर बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकलं तरी मोडायची, त्या आजाराचं नावच इताई-इताई पडलं, म्हणजे दुखतंय दुखतंय. 1968 मध्ये तिथल्या सरकारनं मान्य केलं की कॅडमियममुळे झालं. तिथे लोक काही विष पीत नव्हते, रोजचा भात खात होते, आणि रोजचा हा शब्द मला त्या पाऊण तासात सगळ्यात जास्त वेळा वापरावा लागला.

थोडा हिशोब करून बघितला, कंटाळा आला तर सोडून द्या. युरोपात शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅम आहे, शिशाची 1.5. समजा आपली गोगलगाय अगदी त्या मर्यादेवर आहे, म्हणजे नियमात पास. प्लेटमध्ये मांस 100 ग्रॅम धरा, तर त्यात कॅडमियम झालं 100 मायक्रोग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2009 मध्ये माणसाला आठवड्याला किलो वजनामागे अडीच मायक्रोग्रॅम इतकंच चालेल असं ठरवलं, ताईचं वजन पन्नास, म्हणजे तिचा आठवड्याचा कोटा 125. एका प्लेटमध्ये 100 संपले, आणि भात, पालेभाज्या, गहू ह्यातून थोडं थोडं रोज येतंच असतं ते वेगळं. हे पास झालेल्या मालाचं, आणि रोज वाटीभर म्हटलं तर आठवड्याच्या सात वाट्या होतात. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना तर धुरातूनच भरपूर कॅडमियम मिळत असतं, आणि त्या खानावळीत दुपारी बसलेले अर्धे लोक बाकड्यावर बिडी ओढत असतात, त्यांनी पण हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मग म्हटलं टेस्टच करून टाकू. एका प्रायव्हेट लॅबमध्ये गेलो, तिचंही नाव लिहीत नाही. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरताना अडकली, लिस्टमध्ये मासे आहेत, कोळंबी आहे, चिकन आहे, गोगलगाय नाही, तिला कळेना कुठल्या रकान्यात टाकू. शेवटी आतून केमिस्ट मॅडम आल्या. त्यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली, आणि त्यासाठी पैसे पण घेतले नाहीत. म्हणाल्या मी टेस्ट करून देते, शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक सगळं निघेल, पण हा रिपोर्ट फक्त ह्या पिशवीचा असेल. पुढच्या आठवड्यात तो पोरगा दुसऱ्या पाण्यातून आणणार असेल तर ह्या कागदाचा उपयोग काय. आधी जागा पक्की करा, मग त्या जागेची गोगलगाय आणि गाळ दोन्ही तपासा, मग त्या कागदाला अर्थ आहे. आणि पाठवताना मांस आणि ती काळी ग्रंथी वेगळी वेगळी पाठवा. मी टेस्ट न करता परत आलो, आणि मला ते पटलं, कारण आमच्याकडे पण सॅम्पलच्या बाटलीवर पॉइंटचं नाव नसेल तर ती बाटली आम्ही ओतून टाकतो.

आता नाशिकमध्ये जागा कुठली चांगली, तर खात्रीनं मी एकही सांगू शकत नाही, पण कुठून घेऊ नये हे डोकं वापरलं तर कळतं. नासर्डी सातपूरच्या कारखान्यांच्या भागातून येते, मग सगळ्या शहराच्या मधून, आणि टाकळीला गोदावरीला मिळते, तिच्यातलं काही खायला घेऊ नका, तिचं नंदिनी नाव ठेवलं तरी पाणी तेच आहे. तपोवनाच्या खालचं गोदावरीचं पण नको. कारखान्यांच्या भागातले नाले, हायवेकडेची डबकी, गॅरेजच्या मागची, भंगाराच्या गोदामाजवळची, जिथे बॅटऱ्या फोडतात तिथली तर अजिबात नको. गावाकडचं, एकट्या मालकाचं शेततळं ज्यात फक्त पावसाचं किंवा विहिरीचं पाणी आहे, ते त्यातल्या त्यात बरं, पण तिथेही शेतात काय टाकलं जातं ते विचारावं लागतं, फॉस्फेट खतांमध्ये पण थोडं कॅडमियम असतं.

ह्याच्यात एक गोष्ट अजून आहे, जी भैयांशी बोलताना ओघात निघाली. मागच्या पावसाळ्यात कोणी पोरं दिंडोरीकडून त्या मोठ्या जमिनीवरच्या शंखी गोगलगायी घेऊन आली होती, मुठीएवढ्या, आणि ह्यांनी एकदा करून बघितल्या, लोकांना आवडल्या. मी हात जोडले, म्हटलं त्या कधीच घेऊ नका. द्राक्षबागेत बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना, वर्षानुवर्षं तांबं मातीत साठतं, आणि गोगलगायीचं रक्तच तांब्यावर चालतं, आपलं लोहावर चालतं तसं, म्हणून तिचं रक्त निळसर असतं. तांबं ती आवडीनं साठवते. त्यापेक्षा मोठी भीती म्हणजे गोळ्यांची. 2022 मध्ये लातूर, बीड, उस्मानाबादकडे ह्याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब खाऊन शेतंच्या शेतं साफ केली, दुबार पेरणी करावी लागली, आणि तेव्हापासून गोगलगाय मारायच्या मेटाल्डिहाईडच्या विषारी गोळ्या सगळ्यांना माहीत झाल्यात, बांधाबांधानं टाकतात. शेतकऱ्याची त्यात चूक नाही, त्याला पीक वाचवायचंय. पण ती गोळी चाटून अर्धमेली झालेली, संथ पडलेली गोगलगाय वेचायला सगळ्यात सोपी असते, आणि पोरं तीच उचलणार. भैयांचा चेहरा उतरला हे ऐकून, म्हणाले माझ्या पोरांनी पण खाल्ल्या होत्या. मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्पच बसलो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा काही गोष्टी बदललेल्या दिसल्या आणि म्हणून हा रिव्ह्यू नुसता तक्रारीचा नाही. शंखासकटचा प्रकार बंद केलाय. टोक छाटलं तरी ग्रंथीचा थोडाच भाग जातो, बाकी आतच राहतो आणि सुर्रकन ओढताना तोच आधी तोंडात येतो, हे भाभींना एकदा शंख फोडून दाखवल्यावर लगेच पटलं, त्या रोज हजार शंख हाताळतात, त्यांना मला काय शिकवायचं. आता सगळं सुईनं काढून, मागचा गुंडाळा तोडूनच शिजवतात. त्यानं कॅडमियम बरंच कमी होतं, सगळं जात नाही, पायाच्या मांसात पण थोडं असतंच. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, दोन-तीन जण येणं थांबले असं भैया म्हणाले, दिवसाला पाचशे-सहाशेचा फटका आहे त्यांना, लहान नाही हा. आणि भाभी आता गरोदर बाईला रोज खा असं सांगत नाहीत. मी बसलो होतो तेव्हाच एक जण बायकोसाठी पार्सल मागायला आला, भाभींनी विचारलं कितवा महिना, आणि त्याला सरळ अंडाकरी बांधून दिली. पैसे अंडाकरीचेच घेतले, ती साठ रुपये आहे.

जे बदललं नाही ते मूळ दुखणं, माल. तो पोरगा जागा सांगत नाही. त्याचंही बरोबर आहे त्याच्या बाजूनं, जागा सांगितली तर उद्या दुसरा कोणी वेचून नेईल, त्याचं पोट त्यावर आहे. भैयांनी त्याला सांगितलंय की जागा दाखव, मी किलोमागे वीस रुपये जास्त देतो, आणि मी पण म्हटलंय की जागा कळली तर लॅबचे पैसे मी भरतो. हे मी उपकार म्हणून नाही म्हटलं, मला तो रस्सा परत खायचाय आणि पोटात गोळा न येता खायचाय.

नाव का लिहिलं नाही ते आता लक्षात आलं असेल. नाव लिहिलं तर दोन दिवसात ह्या दोघांचं दुकान बंद पडेल, आणि तोच माल घेणारे बाकीचे, जे काहीच विचारत नाहीत, ते तसेच चालू राहतील. शहरात इतर ठिकाणी पण मिळतो, बुधवारच्या बाजारात पण मला एकदा पाटीत दिसला होता. ही खानावळ मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटली.

स्टार मागताय तर चवीला पाच, स्वच्छतेला चार, वागणुकीला पाच, आणि मालाच्या खात्रीला सध्या एक. मी स्वतः धडधाकट माणूस आहे, महिन्यातून एकदा, काढलेलं मांस, रस्सा कमी, इतकं मी खाईन, तेही जागा कळेपर्यंत नाही. पोरांना देणार नाही. ताईला तर नाहीच, तिच्यासाठी आईनं अळिवाची खीर आणि नाचणीची भाकरी चालू केलीय, गोळी आता रात्री जेवणानंतर घेते, तेव्हा मळमळत नाही म्हणते. पुढच्या तपासणीत एचबी किती येतंय बघू.

तुम्ही कुठेही घोंघा, खेकडा, नदीचे शिंपले घेत असाल तर विकणाऱ्याला फक्त पाण्याचं नाव विचारा. तलावातून म्हणाला तर कुठल्या तलावातून, हे दुसऱ्यांदा विचारा, लाजू नका, भांडू पण नका.

काल संध्याकाळी भैयांचा फोन आला होता, पोरगा रविवारी सकाळी गाडीवर मागे बसवून जागा दाखवायला तयार झालाय, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला कुठेतरी शेततळं आहे म्हणाला. मी पण जातोय, गाळासाठी दोन बाटल्या आणि एक बर्फाचा डबा घेऊन. रिपोर्ट आला की इथेच खाली टाकतो.